नर्सिंगच्या परीक्षेत वारंवार अडकत असाल, तर अभ्यासातल्या या चुका टाळा

बी.एस्सी. नर्सिंगला किंवा जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या पदविकेला) आलेले बहुतेक विद्यार्थी कष्टाळू असतात. पहाटे उठून वाचणारे, दिवसभराची क्लिनिकल पोस्टिंग (रुग्णालयातले प्रत्यक्ष काम) करून वसतिगृहात परतल्यावर पुन्हा पुस्तक उघडणारे, वह्याच्या वह्या भरून नोट्स काढणारे हे विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या सत्रात नापास होतात, तेव्हा घरचे लोक आणि कधीकधी शिक्षकही ‘अभ्यास कमी पडला’ असे म्हणून मोकळे होतात. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. अभ्यासाचे तास पुरेसे असतात. त्या तासांत जे केले जाते त्याचा आणि परीक्षेत जे विचारले जाते त्याचा मेळ बसत नाही. पेपरात रोगाची व्याख्या, कारणे आणि लक्षणे विचारली जातातच, पण बरेचसे गुण त्यापुढच्या भागाला असतात: अशा रुग्णाची परिचर्या कशी कराल, त्यातले कोणते काम आधी कराल आणि का? बारावीपर्यंत कामी आलेले पाठांतर पहिल्या भागापुरते पुरते आणि तिथेच संपते.

गुण नेमके कुठे गेले ते आधी पाहा

नापास झाल्याबरोबर सगळा विषय पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेणे, ही सर्रास होणारी चूक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून बी.एस्सी. नर्सिंगची विभागणी आठ सत्रांत झाली असून, मुख्य विषयांच्या लेखी भागात साधारणपणे २५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ७५ गुण सत्रान्त पेपरचे असतात. इंग्रजीसारखे अपवाद सोडले, तर उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात आणि लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही भागांत ते वेगवेगळे मिळवावे लागतात. त्यामुळे गुणपत्रिका समोर ठेवून कोणता भाग कमी पडला हे तपासल्याशिवाय नवे वेळापत्रक आखू नये. अंतर्गत गुण कमी असतील, तर सत्रभर टाळलेल्या चाचण्या आणि उशिरा दिलेल्या असाइनमेंट हे कारण असते. प्रात्यक्षिकात अडचण आली असेल, तर पुस्तक कितीही वाचले तरी ती सुटणार नाही. त्यासाठी स्किल लॅबमध्ये हात चालवावा लागेल. पेपरात गुण गेले असतील आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळण्याची सोय असेल, तर ती जरूर मागवावी आणि विषयाच्या मॅडमसोबत बसून पाहावी. उत्तर येत नव्हते, अर्धे आले, की येत असूनही लिहायचे राहिले, या तीन कारणांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, कारण ती करताना अभ्यास उत्तम चालला आहे असे मनापासून वाटत असते. एकच प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, हायलायटरने पान पिवळे झालेले असते आणि ‘हे मला येते’ असे समाधान मिळते. पण समोर दिसणारी गोष्ट ओळखणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर ती स्वतःहून आठवणे वेगळे. परीक्षेत दुसरी क्षमता लागते आणि तिचा सराव झालेलाच नसतो.

यावर भरपूर संशोधन झालेले आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धतींना सर्वांत वरचे स्थान मिळाले; पुन्हा वाचणे आणि अधोरेखित करणे या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. आपल्याकडे वर्गावर्गांत नेमक्या याच दोन पद्धतींवर सर्वाधिक वेळ खर्च होतो, हे पाहून वाईट वाटते.

म्हणून प्रकरण एकदा नीट वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहून काढावे: व्याख्या, कारणे, शरीरात काय बिघडते, लक्षणे, तपासण्या, औषधे, परिचर्या. अडखळाल तिथे लगेच पुस्तक उघडू नका. दोन-तीन मिनिटे आठवण्याचा प्रयत्न करा. नंतर पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे लाल शाईने भरा. पुढच्या वेळी अभ्यास करायचा तो या लाल भागाचा. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी आणि मग दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा कागदावर उतरवा. शिकलेले किती झपाट्याने विसरते याचे मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडले होते; विसरणे हा तुमच्या बुद्धीचा दोष नाही, पण त्याची तजवीज वेळापत्रकात असली पाहिजे. ही पद्धत सुरुवातीला जड जाते आणि पहिल्या कागदावर जेमतेम पाव पान भरते. त्यामुळे घाबरून पुन्हा वाचनाकडे वळू नये.

‘का’ न विचारता यादी पाठ करणे

औषधशास्त्रात आणि प्रौढ आरोग्य परिचर्येत ही चूक फार महाग पडते. एक उदाहरण सविस्तर पाहू. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे) आणि डिगॉक्सिन (हृदयाचे आकुंचन बळकट करणारे) ही दोन औषधे एकत्र चालू आहेत. पाठांतर करणारा विद्यार्थी दोन स्वतंत्र याद्या करतो आणि परीक्षेत त्यांची सरमिसळ होते. समजून घेणारा विद्यार्थी एकच साखळी लक्षात ठेवतो. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडात सोडियमचे पुनर्शोषण रोखते, म्हणून सोडियमसोबत पाणी बाहेर जाते आणि सूज उतरते. त्याच वेळी पोटॅशियमही बाहेर जाते. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन हृदयाच्या पेशींवर एकाच जागेसाठी चढाओढ करतात. त्यामुळे पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनचा परिणाम वाढतो आणि नेहमीच्या मात्रेतही विषबाधा होऊ शकते. मग मळमळ, उलट्या, पिवळसर दिसणे, नाडी मंदावणे किंवा अनियमित होणे ही लक्षणे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

आता परिचर्येचे मुद्दे पाहा. डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी असतील तर औषध न देता डॉक्टरांना कळवायचे, पोटॅशियमचा अहवाल पाहायचा, रोज ठरावीक वेळी वजन घ्यायचे, इनटेक-आउटपुट चार्ट भरायचा आणि रात्री वारंवार लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून फ्युरोसेमाइड शक्यतो सकाळी द्यायचे. यातला प्रत्येक मुद्दा वरच्या साखळीतून आपोआप निघतो. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) परीक्षक ‘नाडी का मोजलीस?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना हीच साखळी ऐकायची असते. म्हणून प्रत्येक परिचर्येच्या कृतीसमोर ‘कारण’ असा रकाना ठेवूनच नोट्स काढा; तो रकाना भरता आला नाही, तर तो मुद्दा अजून तुमचा झालेला नाही असे समजा.

वॉर्ड आणि पुस्तक वेगवेगळे ठेवणे

क्लिनिकल पोस्टिंग म्हणजे अभ्यासातून गेलेला वेळ, असे मानणारे विद्यार्थी मोठी संधी गमावतात. केअर प्लॅन (रुग्णाच्या परिचर्येचा लेखी आराखडा) वरच्या वर्गातील मुलींच्या फाइलमधून उतरवून काढण्याची सवय तर सर्वत्र आहे, आणि तिचा फटका प्रात्यक्षिक परीक्षेत समोर खराखुरा रुग्ण आल्यावर बसतो. रोज एकच रुग्ण निवडा. त्याची केस शीट वाचा, त्याच्याशी बोला, त्याला चालू असलेल्या औषधांपैकी दोनच औषधे घ्या आणि ती त्याला का दिली आहेत हे संध्याकाळी पुस्तकात शोधा. रुग्णाने सांगितलेले आणि तुम्ही स्वतः तपासलेले, अशी माहितीची विभागणी केली की परिचर्या निदान (परिचर्येने सोडवायची रुग्णाची अडचण नेमक्या शब्दांत मांडणे) लिहिणे सोपे जाते.

वॉर्डात एखादी गोष्ट हाताळून पाहिली की ती पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा पक्की बसते. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेच्या बाटल्या सर्रास वापरल्या जातात आणि त्यांच्यासाठी यू-४० सिरिंज असते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी यू-१०० सिरिंज वेगळी. ४० च्या बाटलीतून चुकून यू-१०० सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला २० ऐवजी ८ युनिटच इन्सुलिन मिळेल. दोन्ही सिरिंज हातात धरून त्यांवरच्या खुणा एकदा नीट पाहा. हा फरक आयुष्यभर लक्षात राहील.

मात्रेची गणिते शेवटच्या आठवड्यावर ढकलणे

गणित सोडून आलो असे वाटत असतानाच औषधमात्रेचे गणित समोर येते आणि अनेक जण तो प्रश्नच सोडून देतात. रोज तीन उदाहरणे सोडवली, तर ही भीती महिन्याभरात जाते. १००० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचे असून सलाइनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ मिलिलिटर असा असेल, तर १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. १२ किलो वजनाच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिले असेल, तर मात्रा १८० मिलिग्रॅम. पण सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे असेल तर ७.५ मिलिलिटर द्यावे लागेल आणि २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३.६. बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय गणिताला हात घालायचा नाही, ही सवय याच सरावातून लागते.

इंग्रजीच्या भीतीने न समजता लिहिणे

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अपयशात विषयाइतकाच भाषेचाही वाटा असतो, आणि त्याबद्दल त्यांना संकोच वाटू नये. विषय मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही. मैत्रिणीला मराठीत समजावून सांगता आला तर तो समजला आहे. मात्र आठवून लिहिण्याचा सराव पेपरच्याच भाषेत, छोट्या वाक्यांत आणि मुद्द्यांत करावा. समजणे मराठीत आणि लिहिणे इंग्रजीत, या दोन्हींमधला पूल परीक्षेच्या खोलीत बांधता येत नाही. लांबलचक वाक्ये पाठ करून लिहिण्यापेक्षा नेमका तांत्रिक शब्द, नामनिर्देशित आकृती आणि चार स्वच्छ मुद्दे कधीही चांगले.

वेळेचा हिशेब न ठेवता पेपर सोडवणे

७५ गुणांच्या पेपरला तीन तास मिळतात. एका गुणाला दोन मिनिटे धरली, तर दीडशे मिनिटांत पेपर पूर्ण होतो आणि प्रश्न वाचायला व तपासायला अर्धा तास उरतो. म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. आवडत्या प्रश्नावर चार पाने लिहून शेवटचे लघुत्तरी प्रश्न कोरे सोडणे हे नापास होण्याचे अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. परीक्षेपूर्वी किमान दोन जुने पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहावेत. प्रश्नात परिचर्या व्यवस्थापन विचारले असेल, तर वैद्यकीय उपचार चार ओळींत आटोपून उरलेली जागा परिचर्येला द्यावी. गुण तिथेच आहेत.

रात्रभर जागून वाचणे आणि एकट्याने सोसणे

शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेत होते, म्हणून पेपरच्या आदल्या रात्रीचे जागरण तोट्याचे असते. रात्रपाळीच्या पोस्टिंगच्या आठवड्यात नवे प्रकरण हाती घेऊ नये. जुने लाल शाईचे कागद चाळावेत आणि उरलेला वेळ झोपावे.

बॅकलॉगचा (नापास झाल्याने मागे राहिलेला) विषय पुढच्या सत्राच्या विषयांसोबत चालवावा लागतो. त्यासाठी रोज पाऊण तासाची ठरावीक वेळ बाजूला काढावी आणि आठवड्यातून एकदा त्या विषयाचा एक जुना प्रश्न लिहून मॅडमना दाखवावा. बहुतेक ट्यूटर आनंदाने तपासून देतात. विचारायला जाणारेच कमी असतात. निकालानंतर झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि आधी घरच्यांशी किंवा विश्वासातल्या शिक्षकांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते.