पॅलेटच्या फळ्यांपासून बाथरूमची मांडणी

आईचं वय ७८. बाथरूममध्ये साबण, तेलाची बाटली, घासणी सगळं जमिनीवर, आणि ते उचलायला वाकली की तिचा तोल जायचा. म्हणून मागच्या उन्हाळ्यात पॅलेटच्या, म्हणजे कारखान्यात माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्यांची तीन कप्प्यांची मांडणी केली. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव सगळीकडे कारखाने, त्यामुळे पॅलेटला तोटा नाही. मला भंगारवाल्याकडे एक १५० रुपयांना मिळालं.

त्याआधी एकदा केलेली मांडणी एका पावसाळ्यात वाया गेली होती. अंगाला वार्निशचे दोन हात दिले होते, पण फळ्यांची कापलेली टोकं तशीच कोरडी सोडली होती आणि स्क्रू साधे लोखंडी होते. श्रावणात टोकं फुगली, प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ उमटलं. आमचे आबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे. त्यांनी मांडणी उलटी केली आणि एका टोकाला नख दाबलं, तर नख आत रुतलं. म्हणाले, "लाकूड म्हंजे ऊस समज. पानी पितंय ते तोंडानं, अंगानं न्हवं." दुसऱ्या वेळी मी सगळा जीव त्या तोंडांवर लावला.

आधी पॅलेट निवडा. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवून कीडमुक्त केलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नका. गावातल्या गावात फिरणाऱ्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो. मग त्यावर काय ठेवत होते ते विचारा, फळीला नाक लावा. केमिकलचा वास किंवा तेलाचा डाग असेल तर फुकट मिळालं तरी नको.

पॅलेट मोडताना पहार घालून उचकटायला जाऊ नका. खिळे पिळाचे असतात, ते सुटत नाहीत, फळीच चिरते. फळी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत हेक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घालून खिळा कापायचा. एका खिळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात, लागू द्या. फळीत राहिलेला तुकडा मागून पंच (बोथट टोकाची लोखंडी कांडी) ठेवून ठोकला की डोकं वर येतं, मग पकडीनं ओढायचं. एकही तुकडा आत ठेवू नका. तो करवतीचे दात घालवतो आणि पुढे गंजून डाग पाडतो. खिळे निघाले की फळ्या ब्रशनं घासून धुवा आणि मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. माझ्या फळ्या एप्रिलमध्ये तीन आठवडे गच्चीच्या जिन्यात होत्या. हे काम पावसाळ्यात काढू नका.

माझ्या फळ्या ९५ मिलिमीटर रुंद, १९ जाड आणि १२०० लांब होत्या. चार पुरल्या. ६०० च्या दोन बाजू, ४१२ चे तीन कप्पे, ४१२ चाच आणखी एक तुकडा उभा चिरून भिंतीकडच्या दोन पट्ट्या, आणि ४५० चा एक तुकडा चिरून पुढच्या तीन पट्ट्या. तयार मांडणी ४५० रुंद होते. खोली एका फळीची, पण शाम्पूची बाटली नीट बसते आणि लहान बाथरूममध्ये कोपर आपटत नाही. गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावल्याशिवाय एकही काप घेऊ नका. मग ८०, १२०, २२० नंबर असा पॉलिश पेपर. शिक्क्याचा भाग मी घासला नाही, तो बाजूला बाहेरून दिसतो.

आता टोकं. एका जुन्या स्टीलच्या ताटलीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश थिनर घालून पातळ केलं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या त्यात उभ्या केल्या. बघता बघता ओल बोटभर वर चढली. आबांचा ऊस डोळ्यांसमोर दिसला. दहा मिनिटांनी फळी उलटी करून दुसरं टोक. कप्प्यांच्या टोकांना मात्र पॉलिश लावायचं नाही, तिथे गोंद धरणार नाही. त्यांना फेव्हिकॉल मरीनचा पातळ हात द्यायचा, तो मुरला की पुन्हा गोंद लावून जोडायचं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, दीड इंची. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर पाइनसारख्या मऊ लाकडाचं टोक हमखास फाटतं. एक भिंतीकडची पट्टी वरच्या कप्प्याखाली, दुसरी खालच्याखाली. पुढची पट्टी कप्प्याच्या १० मिलिमीटर वर ठेवा, म्हणजे पाणी खालून निघून जातं. जोडून झाल्यावर सगळीकडून पीयूचे तीन हात, दोन हातांमध्ये ३२० चा पेपर. खालच्या टोकांना मी चौथाही दिला, कारण पाणी ओघळून शेवटी तिथेच थांबतं.

मांडणी भिंतीकडच्या पट्ट्यांतून चार स्क्रूंनी भिंतीला लागते. भोक पाडताना नळ, शॉवर आणि गीझर यांच्या सरळ रेषेतली जागा टाळा, आत पाइप किंवा वायर असते. बादलीपासून लांबची भिंत घ्या. टाइलवर मास्किंग टेप चिकटवा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटनं हळू सुरुवात करा, टाइल पार झाली की काँक्रीटचा बिट आणि हॅमर. भोकात आधी सिलिकॉन, मग गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी). लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूवर नळाचा एक रबरी वायसर घाला, तेवढ्या फटीतून हवा खेळते आणि मागे बुरशी धरत नाही. उंची मोजपट्टीनं नाही ठरवली. आईला उभं केलं, हात सहज पुढे करायला सांगितलं, आणि बोटं टेकली तिथे मधल्या कप्प्याची खूण केली.

पॉलिशचा वास जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पाणी लागू देऊ नका. नंतर दर मे महिन्यात चार स्क्रू काढून मांडणी खाली घ्या आणि खालच्या टोकांवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तशीच परत लावा. पसरून काळा पडला तर ताटली काढा.