प्रबंधातले आकृती क्रमांक हाताने टाइप करू नका

सोलापुरात मी प्रबंध टाइप करून देतो. मागे यंत्रमागावरच्या एका प्रबंधात गाईडांनी आयत्या वेळी जेकार्ड मागाचा फोटो आकृती २ नंतर घालायला लावला. पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकले. रात्र जागून आकडे बदलले, तरी ‘आकृती ११ पाहा’ म्हटलेल्या जागी टॉवेलऐवजी चादर निघाली! तेव्हापासून आकडा वर्डलाच टाकू देतो.

फोटोवर क्लिक करून रेफरन्सेस टॅबमधलं इन्सर्ट कॅप्शन उघडा. लेबलच्या यादीत मराठी शब्द नसेल, तर न्यू लेबलमध्ये ‘आकृती’ लिहा. क्रमांक आपोआप येतो, त्यापुढे फक्त मथळा टाइप करायचा.

मजकुरात उल्लेख हवा तिथे कर्सर ठेवून त्याच टॅबमधलं क्रॉस-रेफरन्स निवडा. रेफरन्स टाइपमध्ये ‘आकृती’ घ्या, खालच्या यादीतून फोटो निवडा आणि शेजारी ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ ठेवा. ‘एन्टायर कॅप्शन’ राहिलं, तर अख्खा मथळा वाक्यात येऊन बसतो.

आता खास मराठीची अडचण. वर्डला सामान्यरूप कळत नाही. ‘आकृती’चं निभावतं, कारण ‘आकृतीमध्ये’ म्हणताना शब्द बदलत नाही. पण ‘तक्ता’चं ‘तक्त्या’ कोण करणार? म्हणून मी वाक्य आधी पूर्ण करतो आणि शेवटी कंसात (तक्ता ४ पाहा) एवढंच ठेवतो.

मध्ये नवा फोटो घातला की मजकुरातले उल्लेख जुनेच दिसतात. घाबरू नका. कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, मग एफ९ दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. तळटीपा यात येत नाहीत. एका तळटीपेत क्लिक करून हेच पुन्हा करा.

फोटो हलवताना मथळ्याची ओळही सोबत कट-पेस्ट करा. ती पुसून नव्याने लिहिली की जुना दुवा तुटतो आणि पुढच्या एफ९ला वाक्याच्या मधोमध ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ उमटतं. तिथे क्रॉस-रेफरन्स नव्याने घालावा लागतो. पीडीएफ काढण्याआधी ‘एरर’ हा शब्द इंग्रजीत शोधून पाहा. बाइंडिंग झाल्यावर सापडला, तर ते पान पुन्हा छापावं लागतं.