गुगल फॉर्मवर चाचणी घेताय? मग हे आधी बघा

आमच्या सातवीच्या वर्गाची पहिली ऑनलाइन चाचणी मी घेतली तेव्हा लिंक म्हणून ब्राउझरच्या वरच्या पट्टीतलं कॉपी करून ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांत पालकांचे फोन सुरू, "सर, परवानगी मागतंय". ती एडिटची लिंक होती ना! तर फॉर्म आधी पब्लिश करायचा आणि मुलांना द्यायची लिंक तिथूनच कॉपी करायची, आणि पाठवण्याआधी स्वतः एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघायची.

आता सुरुवातीपासून. फॉर्म्स डॉट गुगल डॉट कॉम वर जा, नवीन फॉर्म घ्या, सेटिंग्जमध्ये जाऊन क्विझ चालू करा. मग प्रत्येक प्रश्नाखाली आन्सर की दिसते, तिथे बरोबर उत्तर आणि गुण टाकायचे. गुण टाकायला विसरलात तर तो प्रश्न शून्य गुणांचा राहतो, मग पोरगं सगळं बरोबर लिहूनही शून्य बघून रडतं.

नावाचा प्रश्न लिहायला लावू नका हो. एकच मुलगी एकदा "साक्षी", एकदा "Sakshi" नाही तर आईच्या नावाने दिसते. ड्रॉपडाउन घ्या, हजेरीपटाची यादी एक्सेलमधून कॉपी करून पहिल्या पर्यायात पेस्ट करा, सगळी नावं आपोआप वेगवेगळ्या ओळींत बसतात. ईमेल गोळा करणं आणि एकदाच उत्तर देण्याची अट दोन्ही बंद ठेवा, कारण आमच्याकडे दोन भावंडं वडिलांच्या एकाच मोबाइलवर पेपर सोडवतात, आणि एकदाच उत्तराची अट चालू असली की दुसऱ्याला फॉर्मच उघडत नाही.

खरी गंमत लिहायच्या उत्तरांत आहे. मी विचारलं, महाराष्ट्र राज्याची स्थापना कोणत्या वर्षी झाली? आन्सर कीमध्ये इंग्रजी आकड्यांत 1960 टाकलं होतं. मुलांनी मराठी आकड्यांत लिहिलं, कोणी "१९६० साली", कोणी "१ मे १९६०", आणि फॉर्मने सगळ्यांना चूक दिलं! त्याला अर्थ कळत नाही, अक्षरं जुळली तरच बरोबर. म्हणून असे प्रश्न एक तर बहुपर्यायी करा, नाही तर जी जी रूपं सुचतील ती सगळी कीमध्ये घाला आणि निकाल लगेच न देता स्वतः तपासून मग सोडा, तोही पर्याय सेटिंग्जमध्येच आहे, फक्त त्यासाठी ईमेल गोळा करणं चालू करावं लागतं.

पर्यायांचा क्रम उलटसुलट करायचं बटण प्रत्येक प्रश्नाच्या तीन टिंबांत मिळेल, शेजारी बसून कॉपी थोडी तरी कमी होते (पूर्ण थांबत नाही, आपली मुलं आहेत ती).

सगळ्यांची उत्तरं आली की रिस्पॉन्सेसमध्ये समरी बघा, बहुतेकांचं काय चुकलं ते तिथे वरच दिसतं. मला तर गुणांपेक्षा तेच जास्त कामाचं वाटतं, दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिलं तेच घेतो.