हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास: सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन दिवसांच्या विनातिकीट महोत्सवाला कसं जावं

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये दरवर्षी ऑक्टोबर उजाडता उजाडता तीन दिवस गाणं-वाजवणं चालतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. झाडीत विखुरलेल्या अनेक मंचांवर एकाच वेळी बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), मँडोलिन, गिटार वाजत असतात. ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवर वेगात वाजणारं अमेरिकेतलं ग्रामीण संगीत. शिवाय जुनं कंट्री, अमेरिकाना, लोकसंगीत, थोडं रॉकसुद्धा. तिकीट नाही. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रामोन अशा आसपासच्या गावांतली शेकडो मराठी घरं या बागेपासून फार लांब नाहीत, तरी त्यातली बरीचशी तिथे कधी गेलेली नसतात. ‘ते काही आपलं संगीत नव्हे’ हे कारण मी अनेकदा ऐकलंय आणि ते मला पटत नाही. ज्याचा कान तंतुवाद्यावर पोसलाय त्याला इथे दोन तासांत घरच्यासारखं वाटू लागतं. थोडी तयारी मात्र हवी.

हा महोत्सव फुकट का आहे, ते आधी माहीत असावं. तिथे कसं वागायचं हेही त्यातून कळतं. वॉरन हेलमन हे सॅन फ्रान्सिस्कोतले मोठे गुंतवणूकदार. त्यांना बँजोचं वेड होतं. २००१ साली त्यांनी स्वतःच्या पैशातून ‘स्ट्रिक्टली ब्लूग्रास’ नावाचा छोटा कार्यक्रम शहराला दिला. पुढे ब्लूग्रासखेरीज इतर कलाकारही येऊ लागले, तेव्हा नावात ‘हार्डली’ आलं. हेलमन डिसेंबर २०११ मध्ये गेले, पण आपल्यामागे महोत्सव चालत राहावा यासाठी त्यांनी पैशांची सोय करून ठेवली होती. बागेतलं स्पीडवे मेडो हे मैदान आता हेलमन हॉलो म्हणून ओळखलं जातं. म्हणजे तुम्ही ज्या गवतावर सतरंजी अंथरता ती जागा आणि समोरचं गाणं, दोन्ही कुणीतरी सगळ्यांसाठी देऊन ठेवलेलं आहे.

पहिली पायरी: तारीख धरून ठेवा

साधारणपणे ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार आणि त्याआधीचा शुक्रवार. काही वर्षी सुरुवात सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी होते, म्हणून महोत्सवाच्या संकेतस्थळावर खात्री करा. कलाकारांची नावं उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने जाहीर होतात. कोण कुठल्या मंचावर, किती वाजता, हे नंतर कळतं. शुक्रवारची रजा जमली तर जरूर टाका. त्या दिवशी गर्दी शनिवारच्या मानाने कमी असते आणि मैदानाची ओळख निवांत करून घेता येते.

बाहेरगावाहून विमानाने येणार असाल तर राहण्याची सोय लवकर करा. बागेच्या दोन्ही अंगांना सनसेट आणि रिचमंड या निवासी वस्त्या आहेत, तिथे हॉटेलं मोजकी. मार्केट स्ट्रीटच्या आसपास किंवा बार्ट या लोकल रेल्वेच्या एखाद्या स्थानकाजवळ खोली घेतली तर येणं-जाणं सोपं पडतं.

दुसरी पायरी: कान तयार करा

ही पायरी कृपा करून गाळू नका. बहुतेक जण खुर्ची कुठली घ्यावी यावर आठवडाभर खल करतात आणि काय ऐकायचंय याचा विचार गाडीत बसल्यावर करतात.

सुरुवात बिल मन्रोपासून करा. मँडोलिन वाजवणारा केंटकीचा हा माणूस. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरूनच या संगीताला नाव मिळालं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा बँजोवादक त्यात दाखल झाला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटं वापरून तो सुरांचा जो अखंड ओघ काढायचा, त्यामुळे या संगीताचा तोंडवळाच ठरून गेला. ऐकताना बँजोची पाचवी तार पकडा. ही तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते, आणि ती सतारीच्या चिकारीसारखी एकच उंच सूर मधूनमधून टणत्कारत राहते. ती एकदा कानाला सापडली की तो सगळा वेगवान गोंगाट उलगडायला लागतो. या वाद्याचं मूळ आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते अमेरिकेत जिवंत ठेवलं. बँजो ऐकताना ही गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मग हेझेल डिकन्स ऐका. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखातली ही बाई. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन तिचा भाऊ गेला, आणि ती खाणकामगारांची, कष्टकरी बायकांची गाणी गात राहिली. आवाज अजिबात गुळगुळीत नाही, अंगावर येतो. हेलमन यांची ती अतिशय आवडती गायिका होती. एप्रिल २०११ मध्ये ती वारली, पण या महोत्सवाचा पिंड समजून घ्यायला तिच्यासारखी वाट दुसरी नाही.

अमेरिकाना हा शब्द सैल आहे. कंट्री, ब्लूज, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), लोकगीत या मुळांवर उभं राहिलेलं, पण रेडिओवरच्या चकचकीत कंट्रीत न बसणारं गाणं, इतकं समजलं तरी काम भागतं. ग्रॅमी पुरस्कारांत या प्रकारच्या अल्बमसाठी वेगळा गट २०१० पासून आहे.

आणि ‘आपलं नव्हे’ म्हणणाऱ्यांसाठी: माहीमला वाढलेले तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन याच बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहिले, आणि बेला फ्लेक या बँजोवादकाबरोबर त्यांनी अनेक वर्षं वाजवलं. त्या दोघांना बासवादक एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. बँजो आणि तबला एकमेकांना किती सहज जागा देतात ते त्यांच्या वादनात ऐका आणि मग महोत्सवाला जा.

तिसरी पायरी: दिवस आखा, पण सैल

एकाच वेळी अनेक मंच चालू असतात आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. गर्दीतून एका मंचाकडून दुसऱ्याकडे जायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. दर तासाला मंच बदलायचा बेत केलात तर निम्मा दिवस चालण्यात जाईल.

माझा सल्ला असा: दिवसाचे दोन भाग करा, दुपार आणि संध्याकाळ. प्रत्येक भागासाठी एक मंच निवडा आणि तिथेच बसा. बसण्याआधी फार तर एक आवडतं नाव दुसऱ्या मंचावरचं ठेवा. मंच निवडताना सगळ्यात मोठं नाव कुठे आहे ते बघू नका. सलग तीन-चार कार्यक्रम कुठे चांगले आहेत ते बघा. दुपारी लवकर गाणारे कलाकार बहुधा तुमच्या ओळखीचे नसतील. त्यांच्यासाठीच लवकर जायचं. पुढे जागा मिळते, गर्दी सैल असते, आणि नव्या कलाकाराला अशा मैदानावर सगळं काही पणाला लावून गाताना ऐकणं हा या महोत्सवातला सगळ्यात मोठा आनंद आहे. तिकिटाला पैसे मोजले की माणूस वसुलीच्या मागे लागतो. इथे ती घाई नाही, तिचा फायदा घ्या.

चौथी पायरी: गाडी घरी ठेवा

बागेभोवती गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे गाणं बुडवणं. साऊथ बेमधून, म्हणजे सनीव्हेलच्या बाजूने, येणाऱ्यांना कॅलट्रेन ही रेल्वे सगळ्यात सोयीची: सॅन फ्रान्सिस्कोच्या शेवटच्या स्थानकावर उतरा, आणि बाहेरच एन-जुडा ही ट्राम मिळते. ती बागेच्या दक्षिण कडेला समांतर, थोडं अंतर राखून, समुद्रापर्यंत जाते. फ्रीमाँट, मिलपिटास किंवा ईस्ट बेकडून बार्टने सिव्हिक सेंटरला या. तिथून तीच ट्राम घ्या, किंवा मार्केट स्ट्रीटवरून ५ नंबरची फुल्टन बस. ही बस बागेच्या उत्तर कडेला अगदी चिकटून जाते. दोन्हीकडून पंचविसाव्या ॲव्हेन्यूच्या पुढे उतरलात की मैदान चालत गाठता येतं. सगळीकडे भाड्यासाठी एकच क्लिपर कार्ड चालतं, त्यात पैसे आदल्या दिवशीच भरून ठेवा.

परतीचं गणित वेगळं आहे. कार्यक्रम संध्याकाळी सातच्या सुमारास, अंधार पडताना संपतात आणि सगळे एकदमच निघतात. शेवटच्या गाण्यानंतर वीसेक मिनिटं सतरंजीवरच बसून राहा, किंवा गर्दीच्या उलट दिशेने दोन-तीन थांबे चालत जाऊन गाडी पकडा. कॅलट्रेनच्या रात्रीच्या गाड्यांमध्ये अंतर जास्त असतं, तेव्हा वेळापत्रक फोनमध्ये जतन करून ठेवा.

पाचवी पायरी: पिशवीत काय घ्यावं

सप्टेंबर-ऑक्टोबर हा सॅन फ्रान्सिस्कोचा खरा उन्हाळा. दुपारी टीशर्टवर ऊन लागतं आणि पाच वाजता समुद्रावरून धुकं आत आलं की त्याच टीशर्टवर हुडहुडी भरते. म्हणून थर हवेत: सुती कपडा, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. टोपी आणि उन्हाचं मलम. पायांत बंद बूट घाला, कारण जमीन उंचसखल आहे, गवतात बिळं आहेत आणि वाटांवर धूळ उडते.

बसायला जाड सतरंजी, आणि खुर्ची हवीच असेल तर बुटकी, मागच्यांना दिसेल अशी. पाण्याची बाटली धातूची किंवा प्लास्टिकची, काच नको. कानांत घालायचे बोळे लहान मुलांसाठी तरी घ्याच. खाण्याचे ठेले असतात, पण रांगा लांब असतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सुकी चटणी असा प्रवासाचा डबा इथेही उत्तम. पिशवीचा आकार, खुर्चीची उंची, सतरंजीची लांबी-रुंदी यांचे नियम वेळोवेळी बदलतात आणि प्रवेशाशी तपासणी होते, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीची यादी वाचा.

फोनचं नेटवर्क दुपारनंतर कोलमडतं. वेळापत्रक आणि नकाशा यांचे स्क्रीनशॉट घ्या. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा, आणि खूण म्हणून झाड सांगू नका. तिथे हजारो आहेत.

सहावी पायरी: मैदानावरचे रिवाज

सतरंजी माणसांपुरतीच अंथरा. रिकाम्या सतरंजीवर दुसरं कुणी तात्पुरतं उभं राहिलं तर रागावू नका. तुम्ही परत आलात की ते सरकतात. वाटा मोकळ्या ठेवा.

ब्लूग्रासमध्ये गाण्याच्या कडव्यांमध्ये एकेक वाद्य पुढे येऊन आपला तुकडा वाजवतं. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. तुकडा संपला की लगेच, गाणं चालू असतानाच, टाळ्या पडतात. जोरदार दाद द्या, ओरडलात तरी चालतं. पण एखादा गायक एकटा गिटार घेऊन हळू गाणं म्हणत असेल तेव्हा कुजबुजसुद्धा करू नका. अशा गाण्यात सगळी गोष्ट शब्दांत असते, आणि शेजारच्या गप्पांनी ती पुढच्या दहा जणांची बुडते. गप्पा मारायच्या असतील तर मागे झाडीत भरपूर जागा आहे.

आई-बाबा बरोबर असतील तर

बे एरियात मुलांकडे आलेल्या आई-बाबांना इथे आणाच. त्यांना गाण्याचे शब्द कळले नाहीत तरी फिडल आणि मँडोलिनची जुगलबंदी लगेच कळते. मात्र एका दिवशी चार तास पुरे. शुक्रवार निवडा, जागा सपाट आणि प्रसाधनगृहाच्या टप्प्यात घ्या. ज्यांना चालणं जड जातं त्यांच्यासाठी महोत्सवात काय सोय आहे ते संकेतस्थळावर आधीच बघून ठेवा. मुलांना घेऊन येत असाल तर त्यांच्या दंडावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहा.

सातवी पायरी: तीन दिवस टिकून राहा

शनिवारी गर्दी सगळ्यात जास्त, आणि अंगातलं बळ शुक्रवारीच खर्च केलेलं असतं. शनिवारी उशिरा गेलात तरी चालेल, एखादा मंचही पुरे. रविवार मात्र राखून ठेवा. रविवारी संध्याकाळी एमिलू हॅरिसने गाऊन समारोप करावा ही इथली अनेक वर्षांची प्रथा आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ गाणारी ही बाई दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळण्यात अद्वितीय आहे. ती असेल तर तिच्या मंचापाशी दुपारीच जागा धरा.

तिकीट नव्हतं, म्हणून ज्यांचं गाणं मनाला भिडलं त्यांची एक तरी रेकॉर्ड किंवा डिजिटल अल्बम थेट त्यांच्याकडून विकत घ्या. दुपारी लवकर गाणाऱ्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

त्यानंतर

बर्कलीत फ्राइट अँड सॅल्व्हेज हे १९६८ पासूनचं छोटं सभागृह आहे, तिथे वर्षभर असं संगीत अगदी जवळून ऐकायला मिळतं. तंबू ठोकून राहायची हौस असेल तर जूनमध्ये फादर्स डेच्या सुमारास ग्रास व्हॅली इथे कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनचा महोत्सव भरतो. त्याला तिकीट आहे, पण रात्री तंबूंमध्ये हौशी लोक गोल करून वाजवतात आणि वाद्य घेऊन आलेल्याला त्या गोलात घेतात.

पुण्या-मुंबईत बसून ऐकायचं असेल तर महोत्सवाचं इंटरनेटवरचं विनामूल्य प्रक्षेपण बघा. सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे बारा वाजतात तेव्हा भारतात रात्रीचा साडेबाराचा सुमार असतो, आणि शेवटचं गाणं आपल्याकडे सकाळी सात-साडेसातला येतं. सगळी रात्र जागायची नसेल तर पहाटे चारचा गजर लावा. दिवसाचे सगळ्यात चांगले तीन तास तेवढ्यात मिळतात.