रात्री पोटरीत गोळा आला तर साखरही तपासा

मधुमेह असलेल्यांच्या पोटरीत मध्यरात्री गोळा येतो, तेव्हा आपण दिवसभराच्या चालण्याला दोष देतो. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमही घेऊन जाते. मग स्नायू आखडतात. वारंवार लघवी, कोरडं तोंड आणि पेटके एकत्र दिसले तर संशय साखरेवरच घ्या.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हाताने हळूच आपल्याकडे ओढा, पोटरी सैल होईपर्यंत धरा. मग ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि आकडा, वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना ही नोंद फार उपयोगी पडते. रात्री साखर कमी झाली तरी पेटके येऊ शकतात, म्हणून अंदाजाने औषध वाढवू नका. पोटॅशियमच्या गोळ्याही मनाने नकोत, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या घातक ठरतात. पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी टाळाच, भाजलेलं कळतही नाही.

एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.