पुरुषांसारखंच काम करताय ना, मग सारखा पगार असा मागा

पहिलं म्हणजे त्याच कामावरच्या पुरुषांना पगार सरळ विचारा. लाजू नका, आपल्या गप्प बसण्यावरच तर सगळं चालतं. सगळे सांगणार नाहीत, पण एकदोघं सांगतात.

मग कागद. अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिपा, अप्रेझलचे मेल, आणि रोज प्रत्यक्षात काय काय करता त्याची यादी, कारण "त्याचं डेझिग्नेशन वेगळंय" हे उत्तर ठरलेलंच असतं. कायदा हुद्द्याचं नाव बघत नाही, काम सारखं किंवा त्याच स्वरूपाचं आहे का ते बघतो. १९७६ च्या समान वेतन कायद्यात हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

"कंपनीला परवडत नाही" म्हणाले तर मुंबईचीच केस सांगा. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी, त्या लढल्या आणि १९८७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, आणि परवडत नाही ही सबब चालणार नाही असंही सांगितलं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

एचआरशी तोंडी बोललात तरी त्याच संध्याकाळी मेल टाका, "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून, आणि कॉपी घरच्या मेलवर ठेवा. ऐकलंच नाही तर मुंबईत बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं ऑफिस, तिथे लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि हो, बरोबरी करायला त्या पुरुषाचा पगार कापता येत नाही, तुमचाच वाढवावा लागतो.