मल्टिकॅरिअरसाठी वेव्हलेट निवडताय? या चुका टाळा

मल्टिकॅरिअर म्हणजे डेटा अनेक सबचॅनेलवर वाटून एकाच वेळी पाठवणं; इथे प्रत्येक सबचॅनेलची पल्स वेव्हलेटच्या लोपास-हायपास फिल्टरांच्या, दर पातळीला दुभंगणाऱ्या झाडातून घडते. एमटेकच्या प्रोजेक्टांत हमखास दिसणारा प्रकार: हार, डॉबेशी-४, डॉबेशी-१०, सिमलेट असे वेव्हलेट घ्यायचे, चॅनेलमध्ये फक्त गॉसियन नॉइज घालायचा आणि बिट एरर रेटचे (चुकलेल्या बिट्सच्या प्रमाणाचे) आलेख काढायचे. आलेख एकमेकांवर बसतात. बसणारच! वेव्हलेट ऑर्थोनॉर्मल (पल्स एकमेकींना लंब आणि सारख्या ऊर्जेच्या) आणि सिंक्रोनायझेशन (रिसीव्हरची वेळ जुळणं) बिनचूक असेल, तर या चॅनेलमध्ये सगळे सारखेच. जो किंचित फरक दिसतो तो रँडम बिट्सचा, त्यावरून विजेता ठरवू नका. मल्टिपाथ (सिग्नलचे उशिरा येणारे प्रतिध्वनी) आणि टायमिंगची चूक घाला, मग खरा फरक कळेल.

फिल्टर जितका लांब तितका चांगला, हा दुसरा गैरसमज. ६४ सबचॅनेल म्हणजे झाडाच्या ६ पातळ्या. डॉबेशी-१० चा फिल्टर २० टॅपचा (गुणांकांचा), म्हणून पल्स ६३ × १९ + १ = ११९८ सँपलची होते. नवा सिम्बॉल मात्र दर ६४ सँपलला निघतो, म्हणजे एका वेळी जवळजवळ १९ सिम्बॉल एकमेकांत मिसळलेले. अशा वेळी प्रत्येक सिम्बॉलला सायक्लिक प्रिफिक्स (सिम्बॉलच्या शेपटीची पुढे जोडलेली नक्कल) लावून काही साधत नाही. सबचॅनेलनिहाय अनेक टॅपचा इक्वलायझर (चॅनेलची विकृती दुरुस्त करणारा फिल्टर) लागतो. हारची पल्स बरोबर ६४ सँपलची, पण त्याचं स्पेक्ट्रम शेजारच्या सबचॅनेलमध्ये बरंच सांडतं. व्हॅनिशिंग मोमेंट्स (वेव्हलेट किती घातापर्यंतच्या बहुपदी पुसून टाकतो याचं माप) मोजण्यापेक्षा फिल्टरचा स्टॉपबँड (जिथे सिग्नल अडतो) आणि ट्रान्झिशन बँड (मधला उतार) पाहा. जेपेग २००० मधला ९/७ इमेजसाठी उत्तम आहे, पण तो बायऑर्थोगोनल (पाठवायचे आणि परत मिळवायचे फिल्टर वेगळे); इथे नॉइजच्या बाबतीत नुकसानच होतं.

नॉइज शून्य असूनही बिट्स चुकतायत? पायवेव्हलेट्स (पायथनची वेव्हलेट लायब्ररी) वापरत असाल तर आधी मोड (सिग्नलच्या टोकांना काय करायचं तो पर्याय) तपासा. डीफॉल्ट 'सिमेट्रिक' मोडमध्ये डॉबेशी-१० ला दोन फांद्यांवर ३२-३२ सिम्बॉल दिले, तर इन्व्हर्स ट्रान्सफॉर्ममधून ४६ सँपलच बाहेर येतात. ४६ आकड्यांतून ६४ सिम्बॉल परत कसे मिळणार? 'पिरिऑडायझेशन' लावा.

हॅम (हौशी) रेडिओच्या पट्ट्यात व्यत्यय नको म्हणून तिथले सबचॅनेल बंद केले आणि स्पेक्ट्रममधली खाच भलतीकडेच पडली, तर सबचॅनेलचा क्रम चुकलाय. हायपासनंतर डेसिमेशन (एकाआड एक सँपल वगळणं) केलं की स्पेक्ट्रम उलटतं, म्हणून दोन पातळ्यांवर फ्रिक्वेन्सीचा चढता क्रम लो-लो, लो-हाय, हाय-हाय, हाय-लो असा लागतो.

आणि वीजतारांवरून डेटा नेणाऱ्या आयईईई १९०१ (२०१०) या मानकातला 'वेव्हलेट ओएफडीएम' (ओएफडीएम हा मल्टिकॅरिअरचाच प्रकार) डॉबेशीच्या झाडाशी ताडून पाहू नका. तो कोसाइन-मॉड्युलेटेड फिल्टर बँक आहे, त्याचे पल्स आणि सबचॅनेल वेगळ्याच पद्धतीने घडवलेले असतात.